आधी फायली, मग फॉरमॅट!

"काकू, व्हायरस आहे. फॉरमॅट मारावा लागेल. उद्या संध्याकाळी घेऊन जा."

दुकानातल्या मुलाने इतक्या सहज सांगितलं, जणू मी गिरणीवर दळणाचा डबा ठेवायला गेले होते. मीही मान डोलावली आणि घरी आले. चहा टाकला, तेवढ्यात लेकीने विचारलं, "आई, आजोबांचे फोटो काढून घेतलेस ना गं?"

पोटात धस्स झालं. बाबांच्या शेवटच्या गणपतीचे फोटो, सहा वर्षांची आंब्याच्या गिऱ्हाइकांची यादी, कोणाला किती पेट्या, कोणाकडे किती बाकी, सगळं त्या एकाच कॉम्प्युटरात! गॅस बंद केला आणि रिक्षा करून दुकान गाठलं. मशीन अजून कोपऱ्यात तसंच पडलं होतं, म्हणून वाचले.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. दुकानदाराला मशीन चालू करून द्यायचं असतं, आपल्याला आपल्या फायली हव्या असतात. ही दोन वेगळी कामं आहेत. त्याने विचारलं नाही हे खरं, पण मीही कुठे सांगितलं? 'कॉम्प्युटरचं ते हे बघतात' असं म्हणून आपण बाजूला होतो आणि नुकसान मात्र आपलंच होतं.

खरं तर यात अवघड काही नाही. आंब्याची अढी लावणाऱ्या बाईला तर मुळीच नाही. एक आंबा कुजला म्हणून कोणी अख्खी अढी उकिरड्यावर टाकतं का? आणि कुजका आंबा आत ठेवूनही चालत नाही. एकेक फळ उचलून बघायचं, चांगलं बाजूला काढायचं, पेंढा बदलायचा आणि मग पुन्हा रचायचं. इथेही तेच.

संशय आला की पहिल्यांदा इंटरनेट तोडा. त्या मशीनला लावलेला पेनड्राइव्ह दुसरीकडे लावू नका. त्यावरून बँकेचं काम तर नकोच. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या चांगल्या मशीनवरून किंवा मोबाइलवरून. मग हार्ड डिस्क काढून, ताजा अ‍ॅन्टिव्हायरस असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून तपासतात आणि त्यातून फक्त फोटो, पत्रं, हिशेब उतरवून घेतात. गेम्स आणि इकडून तिकडून घेतलेले प्रोग्राम उचलायचे नाहीत, कीड बहुधा तिथेच दडलेली असते. उतरवलेल्या फायली पुन्हा तपासायच्या, दहा-बारा उघडून बघायच्या, आणि मगच फॉरमॅट. नवीन विंडोज घातल्यावर जुन्या फायलींवर नवीन काही लिहिलं गेलं, की त्या परत मिळत नाहीत.

हे काम शक्यतो समोर बसून करून घ्या. आपल्या घरचे फोटो परक्या मशीनवर उतरतात, ते आपल्या हातात नीट आले की तिथून पुसायला सांगा. संकोच कसला त्यात?

पेनड्राइव्हवरच्या फोल्डरांचे अचानक 'शॉर्टकट' झाले, तरी घाबरू नका. अशा वेळी फोटो बहुतेकदा आतच असतात, फक्त लपवलेले. जाणकार माणूस ते काढून देतो.

खरा घात करतो तो फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या'ने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही ठप्प झालं. त्यात पैसे मागणारी पाटी झळकत होती, पण पैसे भरूनही फायली परत मिळण्याची सोयच नव्हती! म्हणून खंडणी भरू नये. कुलूप लागलेल्या फायली मात्र जपून ठेवाव्यात. युरोपातल्या पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या उपक्रमात काही प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या फुकट मिळतात. बँकेतून पैसेच गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा.

पण सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दुसरी प्रत. लोणचं आपण एकाच बरणीत भरत नाही, मग आयुष्यभराचे फोटो एकाच डब्यात का? मी आता दर महिन्याला लाइटचं बिल भरायच्या दिवशी सगळं वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवते आणि ती काढून कपाटात ठेवते. कॉम्प्युटरला लावूनच ठेवली, तर व्हायरस तिलाही सोडत नाही.

आणि मैत्रिणींनो, मशीन दुकानात देताना त्यावर एक चिठ्ठी चिकटवा: 'फायली काढून दाखवल्याशिवाय फॉरमॅट करू नये.' खाली आपलं नाव घाला. ह्यांचं नको, आपलं!