भीमथडी घोडा पाळणाऱ्यांना जाहीर आवाहन : मुळासकट केस द्या

भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या धनगर बंधू-भगिनींनो आणि हौसेने भीमथडी घोडा पाळणाऱ्या सर्वांनो,

कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. मराठ्यांच्या घोडदळाचे हे तट्टू टिकले ते मेंढरांच्या वाड्यावर, दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागणारे बिऱ्हाड पाठीवर वाहत. त्याचे श्रेय तुमचे. मात्र या घोड्यांची आपसातली नाती किती जवळ आली आहेत, हे नोंदीच्या कागदावरून समजत नाही. ते समजून घेण्यासाठी हे आवाहन.

बाप आणि लेक एकत्र आले, तर शिंगराला दोन्हीकडून एकाच पूर्वजाचे तेच जनुक मिळण्याची शक्यता 25 टक्के असते. सावत्र भावंडांत ती 12.5 टक्के. अशा जुळणीतून दडलेले दोष वर येतात, घोड्या गाभण राहत नाहीत, शिंगरे अशक्त निपजतात. अरबी घोड्यांत एक घातक आजार आहे, त्यात शिंगरू रोगप्रतिकारशक्तीवाचूनच जन्मते. आईबाप दिसायला धडधाकट असतात. पण दोघेही त्या दोषाचे वाहक असले, तर सरासरी चारांतले एक शिंगरू दगावते. भीमथडीत असे काही आहे असे मी म्हणत नाही. शोधायला हवे, एवढेच म्हणतो.

आपल्याकडे घोड्यांची वंशावळ लिहिलेली नाही. कुठली घोडी कोणाच्या घोड्याची, हे जाणती माणसे दोन-तीन पिढ्यांपर्यंत सांगतात, त्यामागचे सारे पुसट होते. ते डीएनए सांगू शकतो. घोड्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या 32 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईचे, एक बापाचे. नात्यात पैदास झाली असेल, तर या दोन्हींवर काही पट्टे हुबेहूब सारखे सापडतात. दर पिढीला गुणसूत्रांची तोडजोड होते आणि असे पट्टे तुकडे होऊन आखूड होत जातात. म्हणून लांब पट्टा म्हणजे अलीकडचे नाते, आखूड म्हणजे फार जुने. मला हा फरक सर्वांत मोलाचा वाटतो. जुने बदलता येत नाही; पण अलीकडचे असेल, तर दुसऱ्या वाड्यावरचा, नात्याबाहेरचा भीमथडी घोडा लावून पुढची पिढी सावरता येते.

नुसत्या संख्येवर विसंबू नका. 100 घोड्यांना (माद्यांना) पाचच नर लावले, तर आनुवंशिक हिशेबाने तो कळप जेमतेम 19 जनावरांच्या तोलाचा राहतो. नाव झालेल्या एकाच देखण्या घोड्याकडे सगळ्यांनी धाव घेतली, तर नेमके हेच होईल. आणि उंची वाढावी म्हणून मारवाडी घोडा लावणे हा त्यावरचा उपाय नाही. त्यात जातच विरघळून जाईल.

नमुन्यासाठी रक्तही काढावे लागत नाही. आयाळीचे किंवा शेपटीचे तीस-चाळीस केस मुळासकट उपटावे, मुळांना हात न लावता कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे. कात्रीने कापलेले केस चालत नाहीत, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. पाकिटावर मालकाचे नाव, गाव, जनावराचे वय आणि ठाऊक असतील ते आईबाप लिहावेत. घरातल्या शिकत्या मुलामुलींनी यासाठी एक वही घालावी आणि आजी-आजोबांना विचारून जमेल तितके मागचे उतरवावे.

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना विनंती, की वाडे पावसाळ्यात देशावर परततात तेव्हा तिथे जाऊन ही पाकिटे गोळा करा. तपासणीचे काम हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रासारख्या संस्थेने हाती घ्यावे, यासाठी आपण सर्वांनी मिळून मागणी करू. त्या मागणीत एक अट ठामपणे घालू : ज्याच्या घोड्याचे केस घेतले, त्याच्या हाती निकाल मराठीत, समजेल अशा शब्दांत परत आला पाहिजे, आणि कुठल्या घोडीला कुठला घोडा लावावा हेही त्यात सांगितलेले असले पाहिजे.