सन्मान कोणाचा?

‘किसान सन्मान निधी’ हे नाव ऐकावयास मोठे गोड आहे. शेतकऱ्याच्या हाती भीक न घालता त्याचा मान राखावा, या हेतूविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ही, की हा सन्मान शेतकऱ्याचा नसून सातबाऱ्याचा आहे.

२०१९ साली केंद्र सरकारने ही योजना सुरू केली. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत, थेट बँकेत. आरंभी असलेली २ हेक्टरांची मर्यादा त्याच वर्षी उठविण्यात आली. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ म्हणून तितकीच भर घातली. तिचा पहिला हप्ता आमच्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, शिर्डी येथे वितरित झाला.

याच जिल्ह्यात आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबे दुसऱ्याची जमीन वाट्याने वा खंडाने कसतात. नांगरट, खुरपणी, रात्रीचे पाणी, राखण सारे त्यांचे, उतारा मालकाचा. म्हणून योजनेच्या लेखी ती शेतकरीच नव्हेत! आयकर भरणारे व सरकारी नोकर यांना वगळले आहे, हे योग्यच. परंतु प्रत्यक्ष कसणाराच वगळला गेला, त्याचे काय?

कोणी म्हणेल, करारपत्र करावे. पण ते करून देतो कोण? १९४८ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला मालकीची वाट मोकळी केली. ते न्यायाचेच पाऊल होते. मात्र मालकांनी धास्ती घेतली आणि व्यवहार तोंडी होऊ लागले. कागद नाही म्हणून सन्मान नाही, पीककर्ज नाही. पीकविम्यात कुळाला जागा आहे, पण तेथेही करारपत्र हवेच.

हे अटळ आहे, असे आम्ही मानीत नाही. ओडिशाने २०१८ च्या अखेरीस आखलेल्या ‘कालिया’ योजनेत वाटेकरी व भूमिहीन यांनाही स्थान दिले होते. मालकी अबाधित राखून कसणाऱ्याला कर्ज व विमा मिळावा, असा नमुना कायदा नीती आयोगाने २०१६ सालीच पुढे ठेवला. वाट ठाऊक आहे. चालण्याची इच्छा तेवढी नाही.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात श्रमिकाच्या न्याय्य वेतनाचा कैवार घेतला. त्याहून कितीतरी आधी मोशेच्या नियमशास्त्राने शेताची कड गरिबांसाठी राखावयास सांगितले होते. त्याच नियमाच्या आधारे परदेशी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली. आमच्या वाटेकऱ्याला शासनाच्या निधीतून सरव्याइतकेही मिळत नाही.

आणि केवळ शासनाला बोल लावून आपली सुटका नाही. आपल्या धर्मग्रामांतही सातबारा असलेली घरे आहेत. रविवारच्या मिस्सात मालक व वाटेकरी एकमेकांना शांतीची खूण देतात. हप्ता मात्र एकाच्याच खात्यात पडतो. अशा घरांना आमचे सांगणे स्पष्ट आहे: शासन कसणाऱ्याची नोंद घेईपर्यंत निधीची रक्कम खंडातून वजा करा, वाट्याने जमीन दिली असेल, तर ती वाटेकऱ्याच्या हाती द्या. तेवढ्याने तुमचे घर बुडणार नाही. त्याच्या बी-खताची सोय होईल. याला कोणी दानधर्म म्हणू नये. ते त्याचे देणे आहे.