"दिसला का?"

सोमवारी सकाळी ऑफिसात पाय ठेवला आणि कॉफी मशीनपाशीच पहिला प्रश्न आला, "काय रे, दिसला का?"

म्हणजे वाघ. मी म्हणालो, "नाही." समोरच्याचा चेहरा असा पडला की जणू माझ्या घरी काही वाईट घडलंय. "अरेरे, पैसे फुकट गेले यार," असं म्हणून तो कप घेऊन स्टँडअपला निघून गेला. मला सांगायचं होतं बरंच काही, पण त्याने दुसरा प्रश्नच विचारला नाही. तेव्हा आता तुम्ही ऐका. :)

तर झालं असं की गेल्या मार्चमध्ये रिलीज संपल्यावर चार दिवस सुट्टी काढून आम्ही तिघं मित्र सातपुडा राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो. मध्य प्रदेशात, पचमढीच्या डोंगरांच्या पायथ्याशी. पुण्याहून इटारसीपर्यंत रेल्वे, पुढे गाडीने मढई. तिथे देनवा नदी आडवी येते आणि ती होडीने ओलांडून उद्यानात जावं लागतं. आमच्या ट्रिपचं कारण एकच होतं, इथे पायी फिरता येतं. भारतातल्या बहुतेक व्याघ्र प्रकल्पांत पर्यटकाने जीपमधून खाली पाय ठेवायचा नाही असा नियम आहे. सातपुडा हा त्याला मोजक्या अपवादांपैकी एक. अर्थात एकट्याने नाही. सोबत गाईड हवाच.

त्याआधी एक कबुली देतो. दोन वर्षांपूर्वी असाच एक ग्रुप करून आम्ही एका नावाजलेल्या व्याघ्र प्रकल्पात जीप सफारी केली होती. पहाटे पाचला उठून, थंडीत कुडकुडत, सहा जण एका जिप्सीत. गाईड पुढच्या सीटवर. त्याने एकदा गाडी थांबवून कुठलंसं झाड दाखवलं आणि काही सांगायला लागला, तर आमच्यातला एक जण म्हणाला, "दादा, ते झाड राहू दे, वाघ कुठाय ते सांगा." सगळे हसले. मीही हसलो. मग कुठून तरी खबर आली आणि आमची गाडी धुरळा उडवत सुटली. पोचलो तर पंधरा-वीस गाड्या आधीच गर्दी करून उभ्या, सगळ्यांचे मोबाईल वर, आणि गवतात काहीच नाही. चौकातल्या ट्रॅफिक जॅममध्ये आणि त्यात फरक एवढाच की इथे तिकीट काढून गेलो होतो. परत आल्यावर ड्रायव्हर आणि गाईड थोडे घुटमळले. आम्ही टिप दिली नाही. वाघ दिसला नाही ना!

हे तेव्हा आम्हाला अगदी बरोबर वाटलं होतं. काम झालं नाही, पैसे नाहीत. सातपुड्यातल्या त्या सकाळनंतर मात्र ते आठवून लाज वाटते.

आमचा गाईड पन्नाशीचा असावा. बारीक अंगकाठी, खाकी शर्ट, हातात एक काठी. आम्ही त्यांना दादा म्हणायला लागलो. निघण्याआधी त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एका रांगेत चालायचं, बोलायचं नाही, आणि अस्वल समोर आलं तर पळायचं नाही. तिसऱ्या गोष्टीनंतर दुसरी आपोआपच पाळली गेली.

चार तासांत आम्ही जेमतेम पाच किलोमीटर चाललो असू. सह्याद्रीत आम्ही एवढ्या वेळात गड चढून, पोहे खाऊन, उतरूनही येतो. पण इथे दादा दर पन्नास पावलांवर थांबत होते. वारुळाच्या बुडाशी एक खोल ताजं भोक होतं. अस्वलाने रात्री वाळवी काढून खाल्ली होती. पुढे धुळीत एक ठसा, थेट माणसाच्या अनवाणी पावलासारखा. "ये भी भालू. पिछला पैर." मार्च असल्यामुळे मोहाची फुलं खाली पडायला लागली होती आणि अस्वलांना त्यांचं भारी वेड. म्हणून मोहाच्या झाडाखाली जाण्याआधी दादा लांबूनच थांबून कानोसा घेत.

मग ऐनाचं झाड. साल हुबेहूब मगरीच्या पाठीसारखी. हे झाड खोडात पाणी साठवतं आणि उन्हाळ्यात जंगलातल्या माणसांना ते माहीत असतं. त्यानंतर कांडोळ, ज्याला आपल्याकडे काही ठिकाणी भुत्या म्हणतात. पानं गळलेलं, पांढरंफटक. रात्री चांदण्यात पाहिलं तर नाव कसं पडलं ते कुणी सांगावं लागणार नाही. वर फांद्यांच्या बेचक्यात काटक्यापानांचा मोठा गोळा, शेकरूचं घरटं. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, हे मला शाळेपासून पाठ आहे. शेकरूचं घरटं मात्र वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं, तेही मध्य प्रदेशात!

आणि हो, वाघ. ओढ्याच्या ओल्या वाळूत पावलांची रांग होती. दादांनी बसून पाहिलं आणि म्हणाले, मादी आहे. नराचं पाऊल चौकोनी भरतं, मादीचं थोडं लांबट. कडा अजून ढासळल्या नव्हत्या, म्हणजे पहाटेचंच. तेवढ्यात लांबून सांबर ओरडलं. चितळ आणि वानर कधीकधी उगाचही ओरडतात, पण सांबर शक्यतो खोटं बोलत नाही, असं दादांचं मत. आम्ही पाच मिनिटं नुसते उभे होतो. छातीतली धडधड मला कानात ऐकू येत होती. काहीही दिसलं नाही. पण त्या पाच मिनिटांत मी जेवढा जागा होतो, तेवढा गेल्या वर्षभरात कधी नव्हतो.

आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, प्रोग्रॅम चालून गेलेला असतो आणि आपल्या हातात फक्त लॉग फाईल असते. नवशिक्याला तिच्यात कचरा दिसतो. अनुभवी माणूस दोन ओळी पाहून रात्री तीन वाजता काय झालं ते सांगतो. जंगलात रात्रभर जे होतं त्याचा लॉग जमिनीवर लिहिलेला असतो. जीपमधून तो वाचता येत नाही, आणि पायी गेलात तरी वाचणारा माणूस बरोबर नसेल तर तुम्ही नुसते धुळीतून चालत असता.

परतीच्या वाटेवर एक मोठं गवताळ मैदान लागलं. मधोमध दोन-तीन जुनी आंब्याची झाडं. जंगलात आंबा असा ओळीत कसा, असं मी विचारलं. दादा म्हणाले, "यहाँ गाँव था. हमारा." सातपुड्याच्या गाभा क्षेत्रातली अनेक गावं गेल्या वीसेक वर्षांत बाहेर हलवली गेली. त्यांच्या शेतांवर आता गवत आहे आणि त्या गवतावर चितळं आणि गवे चरतात. वाघांसाठी हे चांगलं झालं, यात शंका नाही. दादाही तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. बाहेर रस्ता आहे, शाळा आहे, दवाखाना आहे म्हणाले. फक्त एका झाडाकडे बोट दाखवून, "ये दादी का आम है," एवढंच सांगितलं. आज ते आपल्याच गावच्या जागेवर येतात ते ड्युटी लागली तर, आमच्यासारख्या कुणाला घेऊन.

मी विचारलं, मुलगा पण हेच काम करणार का? ते हसले. मुलाला जिप्सी चालवायचीय. वाघ दिसला की टिप मिळते. चालणाऱ्या लोकांना वारूळ दाखवून काय मिळणार?

इथे मला आमची ती न दिलेली टिप आठवली.

आता माझा मुद्दा. आपण ज्याचे पैसे देतो ते टिकतं, वाढतं. आपण फक्त "दिसला का?" याचे पैसे देत राहिलो तर जंगलात ड्रायव्हर वाढतील आणि जमीन वाचणारी माणसं संपतील. हे ज्ञान कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात उभी नोकरी केली आणि जंगलातल्या माणसांकडून जे शिकले ते मराठीत लिहून ठेवलं, म्हणून आपल्याकडे थोडं तरी आहे. जून २०२५ मध्ये ते गेले. असे लिहिणारे किती निघणार? बाकीचं सगळं दादांसारख्यांच्या डोक्यात आहे, आणि त्याचा बॅकअप नाही.

हे होऊ शकतं का? झालेलं आहे. केरळमध्ये पेरियारला १९९० च्या दशकाच्या शेवटी वनखात्याने, जंगलातली झाडांची साल चोरून नेणाऱ्या आणि शिकारीत मुरलेल्या लोकांनाच विश्वासात घेतलं. त्यांना गाईडचं आणि गस्तीचं काम दिलं. तिथल्या जंगलातल्या पायी मुक्कामाच्या सहलींवर पर्यटकांना तीच माणसं नेऊ लागली. ज्याला चोरवाटा माहीत आहेत तो राखणही चांगली करणार, साधं लॉजिक आहे. पैसा गावात राहिला आणि गस्तही झाली.

याच्या विरुद्ध बाजूही आहे, ती नाकारत नाही. पायी फिरणं म्हणजे आपोआप निसर्गप्रेम नव्हे. भंडारदऱ्याच्या बाजूला दर वर्षी पावसाच्या तोंडावर काजवे पाहायला जी गर्दी लोटते, तीही पायीच असते. काजव्यांच्या अळ्या जमिनीत वाढतात आणि आपण तिथेच टॉर्च पाडत, गवत तुडवत फिरतो. त्यापेक्षा रस्त्यावरून जाणारी जीप परवडली. म्हणून माझं म्हणणं सरसकट नाही. छोटा ग्रुप, ठरलेली वाट, दिवसाची ठराविक संख्या, आणि बरोबर स्थानिक गाईड. या चार गोष्टी नसतील तर पायी जाऊच नये. "आम्हाला गाईड कशाला, आम्ही ट्रेकर आहोत" हा माज मीही केलेला आहे. अस्वलाला तुमच्या ट्रेकच्या यादीचं काही पडलेलं नसतं.

दुसरा आक्षेप, हे सगळं महाग आहे. सातपुड्याची ट्रिप स्वस्त नाही हे खरं. पण सुरुवात घराजवळ करता येते. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान लोकल ट्रेनच्या अंतरावर आहे. तिथे माहितगार माणसांबरोबर निसर्गवाटांवर फिरता येतं, आणि १८८३ पासून काम करणारी बीएनएचएससुद्धा अशा पायी सहली काढते. त्याच उद्यानात कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. मी २०२४ मध्ये मुंबईत एका प्रोजेक्टवर होतो, उद्यानाच्या बाजूने रोज जात होतो आणि मला पत्ताच नव्हता. आता थांबा २०३२ पर्यंत!

असो. उपदेश पुरे. मी स्वतः काय करणार ते सांगतो. टिप निघण्याआधीच मनात ठरवायची आणि वाघावर अवलंबून ठेवायची नाही. बुकिंग करताना विचारायचं, यातले गाईडच्या हातात किती पडतात? त्याने झाड दाखवलं तर झाड बघायचं. आणि परत आल्यावर दुसऱ्याला त्याचं नाव सांगायचं, म्हणजे पुढचा माणूस त्याच्याकडे जाईल. सातपुड्याहून निघताना आम्ही दादांना टिप दिली तेव्हा ते जरा गोंधळले. "पर शेर तो दिखा नहीं, साहब." म्हणजे आपण त्यांना काय शिकवून ठेवलंय बघा.

तर तुमच्या ऑफिसात पुढच्या सोमवारी कुणी जंगलातून परत आलं, तर एवढंच करा. "दिसला का?" विचारू नका. "काय काय पाहिलंस?" असं विचारा, आणि कॉफी संपेपर्यंत तिथे थांबा.