पात्रता आणि पोहोच

अंगी गुण असले की माणूस आज ना उद्या योग्य जागी पोहोचतोच, असे आपण सहज बोलून जातो. हे बोलणे धीर देणारे आहे. पण ते पूर्णांशाने खरे नाही. गुण असणे ही एक गोष्ट आणि ते गुण जेथे उपयोगी पडतील तेथे पोहोचणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर किती मोठे असू शकते, याचा दाखला आपल्या प्रत्येकाच्या शरीरात आहे.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीभोवती मेदाचा एक नाजूक, दुपदरी पडदा असतो. त्याला पेशीपटल म्हणतात. या पटलात प्रथिने रोवलेली असतात. काही प्रथिने दाराचे काम करतात, तर काही बाहेरून आलेले पदार्थ ओळखून आत घेतात. परंतु ही प्रथिने पटलावर तयार होत नाहीत. ती पेशीच्या अंतर्भागात, आंतर्द्रव्यजालिका नावाच्या घडीदार जाळ्यात आकार घेतात. तेथून पटलाच्याच इवल्या पिशव्यांत बसून ती गॉल्गी संकुलाकडे जातात. तेथे त्यांची वर्गवारी होते. कोणी पेशीच्या पृष्ठभागाकडे निघते, तर कोणी टाकाऊ पदार्थांचे विघटन करणाऱ्या लयकारिकेकडे.

हा पत्ता लिहितो कोण? कोणीही नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. त्या साखळीतील काही मोजके दुवे हाच तिचा पत्ता असतो. पेशीतील इतर प्रथिने ते दुवे ओळखतात आणि साखळी पुढे जाते. आतड्याच्या अस्तरातील पेशी पाहा. तिचे एक अंग अन्नरसाकडे असते, तर दुसरे रक्ताकडे. ग्लुकोज आत ओढून घेणारे प्रथिन पहिल्या अंगाला लागते आणि ते रक्ताकडे सोडणारे दुसऱ्या अंगाला. दोन्ही प्रथिने निर्दोष असली, तरी त्यांच्या जागांची अदलाबदल झाली की जेवलेले अन्न अंगी लागणार नाही.

हे ज्ञान एका दिवसात हाती आलेले नाही. पेशीतील प्रथिनांचा मार्ग शोधणारे जॉर्ज पलाडे यांना 1974 साली, प्रथिनाचा पत्ता प्रथिनातच असतो हे दाखविणारे गुंटर ब्लोबेल यांना 1999 साली, तर पिशव्यांच्या वाहतुकीचे नियम उलगडणारे जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्यूडहोफ यांना 2013 साली नोबेल पारितोषिक मिळाले. शेकमन यांनी आपले काम पाव फुगविणाऱ्या किण्वावर केले होते. ‘याचा उपयोग काय?’ असा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला असता, तर त्याला चटकन उत्तर देता आले नसते. आज ते उत्तर रुग्णशय्येपाशी मिळते.

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात फुप्फुसांतील स्राव घट्ट व चिकट होतो, वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि श्वास घेणे कठीण होत जाते. या विकाराशी संबंधित जनुक 1989 साली सापडले. त्यापासून तयार होणारे प्रथिन पेशीपटलात बसून क्लोराइडला वाट करून देते. त्याच्या साखळीत 1480 दुवे असतात. सर्वाधिक आढळणाऱ्या दोषात त्यांपैकी 508 व्या क्रमांकाचा एकच दुवा गळालेला असतो. त्यामुळे साखळीची घडी नीट बसत नाही. आंतर्द्रव्यजालिकेतील पारख करणारी यंत्रणा तिला अडविते आणि बहुतेक प्रथिने पृष्ठभागावर पोहोचण्यापूर्वीच नष्ट केली जातात.

यापुढचा भाग विचार करायला लावणारा आहे. प्रयोगशाळेत अशा पेशी शरीराच्या तापमानापेक्षा कमी तापमानात, सुमारे 27 अंश सेल्सिअसला वाढविल्या, तेव्हा यांतील काही प्रथिने पृष्ठभागावर पोहोचली आणि तेथे त्यांनी काही अंशी कामही केले. म्हणजे ज्याला निरुपयोगी ठरवून मोडीत काढले जात होते, ते अगदीच निरुपयोगी नव्हते. त्याचे काम थोडे उणे होते. पण ते करण्याची जागाच त्याला मिळत नव्हती.

निसर्गाची व्यवस्था अचूक असते, असे कौतुकाने सांगण्याची आपल्याला सवय आहे. मला ती सवय सोडावीशी वाटते. पेशीतील ही पारख आवश्यक आहे, यात शंका नाही. बिघडलेली प्रथिने साचू लागली तर पेशीच धोक्यात येईल. परंतु आवश्यक असलेली गोष्ट प्रत्येक वेळी योग्यच निकाल देते, असे नाही. ही पारख घडी पाहते. कामाची कुवत पाहत नाही. तिच्या काटेकोरपणाची किंमत एखाद्या बालकाला श्वासागणिक मोजावी लागते.

मग उपाय कोणता? संशोधकांनी पारख करणारी यंत्रणा मोडून टाकली नाही. त्यांनी अडलेल्या प्रथिनालाच आधार दिला. काही औषधे त्याची घडी सावरून त्याला पृष्ठभागापर्यंत पोहोचायला मदत करतात, तर एक औषध तेथे त्याचे दार अधिक काळ उघडे ठेवते. अशा तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला अमेरिकेत 2019 साली मान्यता मिळाली आणि अनेक रुग्णांचे श्वसन लक्षणीयरीत्या सुधारले.

पेशीवरून समाजाचे नियम काढू नयेत, हे मी जाणतो. पेशीला हेतू नसतो, दयामाया नसते. आपल्याला मात्र दोन्ही असतात. म्हणूनच आपली जबाबदारी अधिक आहे. एखादा दाखला नाही, मधली काही वर्षे शाळा सुटली, एवढ्यावरून दारातच थांबविलेली कर्तबगार माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. परीक्षा, नियम, पडताळणी यांवाचून व्यवहार चालणार नाही. परंतु अडविलेल्या माणसात काय उणे आहे एवढेच पाहून थांबायचे, की ते उणे भरून काढायला हात द्यायचा, हे ठरविणे आपल्या हाती असते.

या कथेचा शेवट अजून व्हायचा आहे. बाजारात आले तेव्हा या तिहेरी उपचाराची अमेरिकेतील घोषित किंमत वर्षाला तीन लाख डॉलरहून अधिक होती. जगातील कित्येक कुटुंबांना ती न पेलणारी आहे. अडलेल्या प्रथिनाला त्याच्या जागी पोहोचविण्याची विद्या माणसाने मिळविली. पण ते औषध अडलेल्या रुग्णापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था त्याला अद्याप पुरती उभारता आलेली नाही. पहिले काम प्रयोगशाळेचे होते. दुसरे तुमचे-आमचे, सर्वांचे आहे.