बाळाच्या कानावर काय पडावे?

बाळाची प्रगती मोजण्याची आपली मापे ठरलेली आहेत. मान धरली, पालथे पडले, बसले, रांगले, उभे राहिले. प्रत्येक वेळी शेजारच्या बाळाशी तुलना होते आणि 'अजून चालत कसे नाही?' हे सुनेला ऐकून घ्यावे लागते. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, जिच्यात दिल्लीचीही बाळे होती, निरोगी बाळे आपली आपण चालू लागण्याचा काळ सुमारे आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला आढळला. तेव्हा चार-दोन महिन्यांच्या फरकासाठी घरात रुसवेफुगवे कशाला?

परंतु पहिल्या वर्षातला एक टप्पा कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. तो कानाचा. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस ह्या कॅनडातील संशोधकांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आपण मुद्दाम समजून घ्यावा, कारण त्यात आपले 'त' आणि 'ट' आहेत. इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळे हिंदीतील ह्या दोन ध्वनींतला फरक ओळखत होती. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो जवळजवळ ओळखू येईना. हिंदी कानावर पडणाऱ्या बाळांचा कान मात्र शाबूत राहिला. म्हणजे वर्षाच्या आतच कान घरच्या बोलीला जुळू लागतो.

आता आपल्या जळगाव-धुळ्याकडे पाहू. धुळ्याच्या एका सुशिक्षित घरात मी पाहिले, आजी नातवाला 'मना राजा' म्हणाली आणि लगेच तिला टोकण्यात आले, 'त्याच्याशी नीट बोला.' आजी गप्प बसली. बाळाच्या हाती मोबाइल आला आणि त्यातली इंग्रजी गाणी सुरू झाली. ह्याला आपण सुधारणा म्हणायचे काय?

पॅट्रिशिया कुल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले, की नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांनी समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून चिनी ध्वनी आत्मसात केले. तेच चित्रफितीतून ऐकवले तेव्हा काहीच साधले नाही. बाळाला शिकवते ते माणूस, यंत्र नव्हे. आणि ते माणूस आपण गप्प केले!

कोणी म्हणेल, अहिराणीने शाळेतली मराठी बिघडेल. आजी 'डोया' म्हणते, पुस्तकात 'डोळा' असतो. माझे म्हणणे असे, की बाळाने दोन्ही ऐकावे. वडिलांकडून 'डोळा', आजीकडून 'डोया'. दोन भाषांच्या घरांत मुले दोन्ही शिकतात, हे जगभर दिसून आले आहे. एक बोली काढून घेतल्याने दुसरी अधिक पक्की होत नाही.

आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. कानांवर पडलेल्या बोलीतच त्यांनी गाणी रचली. ती १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि २०१८ साली आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. पाटीवर बहिणाबाई आणि पाळण्यापाशी त्यांच्या बोलीला बंदी, ही विसंगती आपल्याला शोभत नाही.

उद्या आपल्यापैकी बरेच जण आईबाप होतील. बाळ आवाजाकडे वळत नसेल तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. वळत असेल तर आजीला पाळण्याजवळ बसवावे आणि तिला तिच्या बोलीत मनसोक्त बोलू द्यावे.