चेहऱ्याचे मापन आणि मुलांची विचारपूस

बोहाड्यात मुखवट्याआडचा चेहरा दिसत नाही. वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलाचे हसूही कधी तसाच मुखवटा असते. गालावर, भुवईवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूंतील मायक्रोव्होल्टांचे विद्युत्-संकेत टिपता येतात. डोळ्यांना न दिसणारी आठीही त्यांत उमटते. खऱ्या हास्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो, असे द्युशेन यांनी १८६२ मध्येच मांडले होते. तरीही अशा मापनावरून मुलांची मने ओळखण्यास आमचा विरोध आहे. सतिपट्ठान सुत्तात कायेचे व चित्ताचे अवलोकन निरनिराळे सांगितले आहे, ते उगीच नव्हे. आठी घराच्या आठवणीने पडली की पोटदुखीने, हे मुलालाच विचारावे लागते, आणि तेही शक्यतो त्याच्या कोकणा बोलीत. सुरगाण्यातील प्रत्येक वसतिगृहाच्या वेळापत्रकात निजण्यापूर्वीचा अर्धा तास या विचारपुशीसाठी राखावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.