परसांतील तंबू

मुलांस खेळणें विकत घेऊन दिलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, अशी पालकांची समजूत अलीकडे बरीच रूढ झाली आहे. बाजारांत रंगीत कापडाचे तयार तंबूही मिळतात. ते क्षणांत उभे राहतात, आणि मुलांचें मनही त्यांवरून तितक्याच लवकर उडतें. आमचें म्हणणें असें कीं, तंबूंत बसण्यापेक्षां तो उभारण्यांतच खरा आनंद व खरें शिक्षण आहे. आणि तें शिक्षण मुलांच्या हातून बहुधा वडील माणसेंच काढून घेतात.

साहित्य तें काय लागतें? प्रत्येकी ५ फूट रुंदीच्या दोन जुन्या चादरी, एक बळकट सुती दोरी व चार मेखा. चादरी लांबीच्या बाजूनें एकमेकींस शिवल्या म्हणजे १० फूट रुंदीचें कापड होतें. दोन झाडांमध्यें दोरी ताणून बांधावी, शिवण दोरीवर येईल असें कापड टाकावें व चारी कोपरे मेखांस बांधावे. दोरी ४ फूट उंचीवर असली तर आंत ६ फूट रुंद जागा मिळते. तीच ३ फुटांवर उतरविली तर जागा ८ फूट होते. एकास उंच छप्पर हवें असतें, दुसऱ्यास ऐसपैस निजावयाचें असतें. आणि भांडतां भांडतां, फळ्यावर न उमगलेला काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत दोघांसही परसांत उमगतो.

परंतु हें सारें आधींच सांगून टाकण्याचा मोह पालकांनीं आवरावा. सरळ ठोकलेली मेख ओढीनें उपटून येईल व तंबू कोसळेल. कोसळूं द्यावा. मेखेचें डोकें तंबूपासून दूर कललेलें हवें, हें मुलगा मग जन्मभर विसरणार नाहीं. दंवानें भिजलेली सुती दोरी सकाळीं आखडलेली कां आढळते, हेंही तो आपण होऊन विचारील. वडिलांनीं पाहावयाचें तें इतकेंच: दोरी येण्याजाण्याच्या वाटेवर नसावी, तंबूंत दिवा अगर चूल पेटवूं नये, आणि विजा चमकूं लागतांच सर्वांनीं घरांत यावें.

आणखी एक गोष्ट. भावानें मेखा ठोकाव्या व बहिणीनें शेवटीं चादरींच्या घड्या कराव्या, अशी वांटणी पुष्कळ घरांत होते. हातोडा दोघांच्याही हातीं द्यावा, आणि घड्याही दोघांकडून करवून घ्याव्या.

कोणी म्हणतील, चादरी मळतात, अभ्यास बुडतो. मळलेल्या चादरी मुलांनींच धुवाव्या. तो त्याच कामाचा भाग आहे. इ. स. १९०७ मध्यें बेडन-पॉवेल यांनीं इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारें २० मुलांची छावणी भरविली, तेव्हां श्रीमंतांच्या शाळांतील व कामकऱ्यांच्या घरांतील मुलें तेथें एकत्र राहिलीं. पुढें जगभर पसरलेल्या बालवीर चळवळीचा आरंभ त्या तंबूंत झाला. त्यास रिकामपणाचा खेळ कोण म्हणेल?

ज्यांस परसू नाहीं त्यांनीं घरांतच दोन खुर्च्यांच्या पाठींवर चादर टाकावी. पालकांनीं या सुटींत दोन जुन्या चादरी बाजूस काढून ठेवाव्या व विद्यार्थ्यांनीं त्या मागून घ्याव्या, एवढीच आमची उभयतांस विनंती आहे.